माळ्यावरची बंदूक : जमा करायची, की ठेवायला द्यायची?



सुगी आटोपली की घराची झाडलोट निघते, आणि कुणाच्या तरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली वडिलांची बंदूक हाताला लागते. एके काळी तिनं काम केलेलं असतं. भाताच्या खाचरात रानडुकरं उतरली, केळीत माकडं शिरली, की नुसता एक बार काढला तरी रान मोकळं व्हायचं. आता पोरं पुण्या-मुंबईला, म्हाताऱ्याची नजर अधू, शेताला झटक्याचं कुंपण. बंदूक कुणालाच नको झालेली असते. दर निवडणुकीला ती ठाण्यात न्यायची, परत आणायची, परवान्याची मुदत सांभाळायची, ह्याचा कंटाळा येतो. मग पारावर कुणीतरी सल्ला देतं, "टाका की जमा करून एकदाची!"

ह्या "जमा" शब्दातच सगळा घोळ आहे. बँकेत पैसे जमा केले तर ते आपलेच राहतात. जमीन सरकारजमा झाली तर ती आपली राहत नाही. बंदुकीचंही तसंच. ती ठेव म्हणून जमा करता येते, आणि कायमची सोडूनही देता येते. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. पण कागदावर काय लिहिलं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

कोकणातल्या एका बाईंचं पत्र कार्यक्रमाकडे आलं होतं. मालक वारले. घरात त्यांची बारा बोअरची दुनळी होती. भावकीतल्यानं अर्ज लिहून दिला, बाईंनी सही केली, बंदूक ठाण्यात पोचली. वर्षभरानं मुलानं वारस म्हणून परवाना मागितला, तेव्हा कळलं की अर्जात "बंदूक नको आहे, तीवर आमचा हक्क राहिला नाही" असं लिहिलेलं होतं. कुणी फसवलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं आपल्या समजुतीनं लिहिलं होतं, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट ठेवीची. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ ह्यासाठीच आहे. परवान्याची मुदत संपली, परवानाधारक वारला, किंवा कुठल्याही कारणानं बंदूक जवळ बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर ती विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रांच्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायची असते. पण त्याच कलमात पुढं हेही आहे, की ठेवणाऱ्याला, आणि तो वारला असेल तर त्याच्या वारसाला, ठरलेल्या मुदतीत दोन हक्क राहतात. परवाना मिळाला की बंदूक परत घेण्याचा, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला ती विकून पैसे घेण्याचा. मुदत उलटून गेली आणि दोन्हींतलं काहीच केलं नाही, तर मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं ती सरकारजमा होते.

तेव्हा अर्जात हे एक वाक्य स्वच्छ लिहा : "सदर बंदूक व काडतुसे मी कलम २१ प्रमाणे ठेव म्हणून जमा करीत आहे. तीवरील हक्क सोडलेला नाही." पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे ना, ते तिथंच वाचून घ्या. मुदत किती, तेही तिथंच विचारून पावतीच्या पाठीवर लिहून ठेवा. कागद पेटीत गेला की मुदत विसरते, हा आपला सगळ्यांचाच अनुभव.

आता तुम्ही म्हणाल, घरातच राहिली तर काय बिघडलं? आम्ही थोडीच ती वापरतो! तर बिघडतं. परवानाधारक गेला की त्याच्या परवान्यावर बायको-मुलांना बंदूक बाळगता येत नाही. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय दंड. घरात मर्तिक झालेलं असताना हे सुचत नाही, कबूल. पण दहावं-तेरावं उरकलं की पहिलं काम हे करा. बंदूक उचलून एकट्यानं एस.टी.नं निघू नका. आधी ठाण्यात कळवा, पोलीस पाटलांना सोबत घ्या, मयताचा परवाना आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवा.

वारसाला बंदूक हवी असेल तर म्हातारा जाण्याची वाट बघायचीही गरज नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, ह्यांतलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. आमचं सांगणं असं, की हे हयातीतच करावं. म्हातारा स्वतः कचेरीत बसून सांगतो, तेव्हा भावाभावांत पुढं कटकट राहत नाही. मात्र वारसाला परवाना आपोआप मिळत नाही. त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो, पोलिसांची चौकशी होते. त्याचं वय २१ पुरं हवं. आणि १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारसानं आलेली धरून. मुलाकडे आधीच दोन असतील, तर तिसरी त्याच्या नावावर चढणार नाही. मग मुलीचा किंवा दुसऱ्या वारसाचा विचार करा. मुलीला बंदूक कशाला, असं म्हणणारे भेटतील. शेत ती राखत असेल तर बंदूक तिच्याच नावावर शोभते.

घरात कुणालाच नको असेल तर विकता येते. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे ठेवलेली बंदूक विकायला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. पण रीत पाळावी लागते. कुणाला विकणार त्याचं नाव-पत्ता घालून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं. तोवर बंदूक हातची सोडायची नाही. घेणाऱ्याकडे त्या जातीच्या बंदुकीचा चालू परवाना आहे का, तो डोळ्यांनी बघा. "करतोय अर्ज" म्हणणाऱ्यावर जाऊ नका. मेव्हण्याला नुसती भेट द्यायची असली तरी हीच रीत, कारण कायद्यात विक्रीबरोबर हस्तांतरही धरलेलं आहे. बैलाचा सौदा मुद्रांकावर चार ओळी लिहून होतो, तसा बंदुकीचा होत नाही. असा कागद केलात, आणि पुढं त्या बंदुकीनं काही घडलं, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. जुन्या बंदुकीला भाव फारसा येत नाही, हेही आधीच मनाला सांगून ठेवा.

काही जण म्हणतात, विकायची नाही, सोडायचीही नाही, फक्त घरात नको; नातवंडं आहेत. हेही शक्य आहे. परवाना चालू असताना बंदूक सुरक्षित ठेव म्हणून व्यापाऱ्याकडे किंवा ठाण्यात ठेवता येते. व्यापारी त्याचं भाडं घेईल. पण बंदूक दुसरीकडे आहे म्हणून परवान्याकडे दुर्लक्ष नको. त्याची मुदत आता ५ वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी द्यावा लागतो. निवडणुकीच्या वेळी नेमकी हीच चूक होते. बंदूक ठाण्यात दिली, निकाल लागला, "राहू दे तिथंच, पुढच्या वेळेला परत न्यायचीच आहे" म्हणून आणली नाही. आणि मधल्या काळात परवानाच संपला.

ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण खेड्यापाड्यांत त्या अजून पुष्कळ घरी आहेत. आजोबांनी शेवटची ठासली ती तशीच राहिली, असं घडतं. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. बंदूक भरलेली आहे का हे बघायची जुनी युक्ती अशी : तोंड माणसांपासून आणि गोठ्यापासून दूर करा, घोड्याला हात लावू नका, आणि नळीच्या तोंडासमोर न उभं राहता गज आत सोडा. तोंडापाशी गजावर खूण करा. मग गज काढून नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक नळीच्या मागच्या बुडापर्यंत न पोचता चार बोटं अलीकडेच राहत असेल, तर आत बार आहे असं समजा. तो घरी उकरून काढू नका. भरलेली आहे असं ठाण्यात आधी सांगा, म्हणजे जाणकाराकडून ती मोकळी करता येईल. जुनी दारू आणि काडतुसं चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका, विहिरीत टाकू नका. बंदुकीबरोबर तीही जमा करायची असतात.

लोहाराकडे नेऊन नळी कापून घ्यायची, दस्त्याचा पाट करायचा, असलेही उद्योग चालतात. नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो, आणि सुटे भागही कायद्यानं शस्त्रातच मोडतात. पूर्ण निकामी झालेली, दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही अशी जुनाट बंदूक कलम ४५ प्रमाणे कायद्याच्या बाहेर राहते, हे खरं. तशी आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर लावायला हरकत नाही. पण ती निकामी आहे हे तुम्ही किंवा लोहारानं ठरवून भागत नाही. कचेरीतून तपासणी करून तसं लेखी घ्या, आणि तो कागद बंदुकीइतकाच जपा.

वारस नाही, गिऱ्हाईक नाही, ठेवीचं भाडं परवडत नाही, अशी वेळ आली तर खुशाल सोडून द्या. त्यात कमीपणा नाही. मात्र अर्ज स्वतः वाचा, नाहीतर शाळेतल्या गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि मगच सही करा. बंदुकीबरोबर परवान्याचं पुस्तकही जिल्हाधिकारी कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत, शहरात असाल तर पोलीस आयुक्तांच्या कचेरीत परत करायचं. परवाना रद्द झाल्याचा कागद हाती पडेपर्यंत तिथून हलू नका; तारीख दिली तर त्या तारखेला परत जा.