अपस्मारग्रस्त बालकांसाठी साहाय्यक श्वान : स्वरूप, मर्यादा आणि धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-क्रियेत अचानक बिघाड होऊन वारंवार झटके येण्याच्या विकारास अपस्मार म्हणतात. बोलीभाषेत त्यास फेफरे, मिरगी किंवा नुसते 'फिट येणे' असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार असून त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. बालकाच्या बाबतीत झटक्याइतकीच त्याच्या अनिश्चिततेची भीती मोठी असते. मूल विहिरीच्या काठावर असेल की चुलीपाशी, हे सांगता येत नाही. परिणामी पालक त्यास एकटे सोडत नाहीत आणि पुष्कळदा त्याची शाळाही सुटते. या भीतीवर पाश्चात्त्य देशांत शोधलेला एक उपाय म्हणजे प्रशिक्षित साहाय्यक श्वान. त्याचे नेमके कार्य कोणते आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

असे श्वान दोन प्रकारचे असतात आणि सर्वसामान्य वर्णनांत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला झटका आल्यावर प्रतिसाद देणारा. तो भुंकून घरच्यांना बोलावतो, मुलाजवळ पडून राहतो, धोक्याची घंटा वाजवणारे बटण दाबतो, औषधाची पिशवी आणून देतो. हे सर्व शिकवता येते. मात्र त्यासाठी बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. दुसरा झटक्याची पूर्वसूचना देणारा. लोकांना आकर्षण याचेच अधिक वाटते आणि पुराव्याची अडचणही येथेच आहे.

कॅनडात अपस्मारग्रस्त मुलांच्या कुटुंबांची पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्वान पाळणाऱ्या दहांपैकी सुमारे चार कुटुंबांनी आपला श्वान झटक्याच्या वेळी वेगळा वागतो असे सांगितले. पूर्वसूचना देणारे श्वान त्याहून पुष्कळच कमी होते. ही पालकांची सांगोवांगी होय, मोजमाप नव्हे. पुढे २००५ व २००७ मध्ये अमेरिकेतील अभ्यासकांनी मेंदूच्या विद्युत्-आलेखाशी ताडून पाहिले, तेव्हा काही श्वान ज्या झटक्यांची सूचना देत होते ते अपस्माराचे नसून मानसिक कारणांनी येणारे होते, असे आढळले. फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच प्रशिक्षित श्वानांनी झटक्याच्या वेळचा देहगंध अन्य वेळच्या गंधापासून बव्हंशी अचूक वेगळा काढला. झटक्याला स्वतःचा गंध असतो, एवढे त्यावरून दिसते. तो झटक्याच्या आधीच सुटतो, हे त्या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. नेदरलँडमधील २०२४ च्या चाचणीत श्वानाच्या सहवासात झटके सरासरी ३१ टक्क्यांनी घटले. ही उत्साहवर्धक बाब असली तरी त्यातील २५ जण प्रौढ होते. मुलांना तोच आकडा लावणे घाईचे ठरेल.

धाराशिव जिल्ह्यात श्वान परका नाही. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचा वाघ्या स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेतो. वस्तीवर व मेंढरांमागे कुत्रे असतेच. परंतु त्याचा गुण राखणीचा आहे, आणि तोच येथे अडचणीचा ठरू शकतो. पडलेल्या मुलाजवळ उभे राहून राखणीचे कुत्रे मदतीस धावलेल्या शेजारणीवरच गुरगुरेल. साहाय्यक श्वानास परक्याला वाट देण्याचे शिक्षण मुद्दाम द्यावे लागते, ते याचसाठी. शिवाय निवड, प्रशिक्षण, लसीकरण व आहार यांचा खर्च अवर्षणप्रवण भागातील कोरडवाहू कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

तथापि श्वानाची कामे सुटी करून पाहिली तर चित्र बदलते. जवळ थांबणे, हाक मारणे, औषध आणणे, शुद्ध येईपर्यंत सोबत करणे ही कामे थोरले भावंड, शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती करू शकते. मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, घड्याळ पाहावे. तोंडात काही घालू नये आणि हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा अद्याप न सुटलेला प्रघात तर पूर्णतः निरुपयोगी आहे. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. साध्या प्रशिक्षणाने असे काम होऊ शकते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे : डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अणदूर येथून गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून घडवले.

अर्थात सोबत म्हणजे उपचार नव्हे. योग्य निदान व नियमित औषध मिळाल्यास १०० पैकी ७० रुग्ण झटकामुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत झटक्यांचे विकार समाविष्ट आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी अपेक्षित असते. मात्र झटका तपासणीच्या दिवशीच येतो असे नाही. डॉक्टरांना तो वर्णनावरूनच कळतो आणि वर्णन करणारा बहुधा घाबरलेला असतो. म्हणून पाहणाऱ्याने वेळ, सुरुवात शरीराच्या कोणत्या बाजूने झाली, डोळे कोठे वळले हे लिहून ठेवावे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे. घरात कुत्रे असेल तर त्यास रेबीजची लस वेळेवर द्यावी, आणि झटक्याआधी ते काही वेगळे वागले काय, हेही त्याच वहीत तारखेसह नोंदवावे.