आधी जीव, मग व्यसनमुक्ती



मागच्या वेळी आपण दारूबंदीवर बोललो. आडवी बाटली कशी करायची, मतदानाला बायकांना कसं गोळा करायचं, हे बऱ्याच जणींनी सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर एका मावशींनी हळूच विचारलं, "ताई, दुकान बंद करता येतं. पण माझा मुलगा शहरात कामाला गेला आणि गर्द ओढायला लागला. आता सुई टोचून घेतो. दोनदा केंद्रात ठेवला, दोनदा परत तेच. आता मी करू तरी काय?"

आजचं बोलणं त्या मावशींसाठी आहे. आणि ज्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठीही.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. अफूपासून होणाऱ्या हेरॉईनचाच हा भेसळीचा प्रकार. शरीराला त्याची सवय लागली की ते मिळालं नाही तर नाकडोळे गळतात, अंगावर काटा येतो, हाडं ठणकतात, जुलाब होतात, झोप लागत नाही. म्हणून "मनात आणलं तर सोडशील" असं नुसतं म्हणून भागत नाही. हा आजार आहे आणि तो पुन्हा पुन्हा उलटू शकतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या विळख्यात सापडलेली पोरं पाहूनच. तिथून आणि अशा इतर केंद्रांतून अनेक जण बरे होऊन घरी आले. पण काहींचं व्यसन पहिल्या खेपेला सुटत नाही. मग सुटेपर्यंत काय? विहिरीत पडलेल्याला आपण आधी दोर टाकतो. पोहायला का शिकला नाहीस, हे नंतर विचारतो. हा दोर टाकण्याच्या कामाला म्हणायचं नुकसान कमी करणं.

यात मुख्य कामं तीन.

पहिलं, स्वच्छ सुई. एकाची सुई दुसऱ्यानं वापरली की एचआयव्ही आणि काविळीचे हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू रक्तातून रक्तात जातात. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक सुईनं नशा करतात. म्हणून सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातून संस्थांचे कार्यकर्ते नवी सुई देतात आणि वापरलेली परत घेतात. त्याच भेटीत तपासणी आणि जखमांवर इलाज होतो.

दुसरं, औषध. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली विरघळू द्यायची. तिनं अंगाची तडफड थांबते, सुईची गरज कमी होते, माणूस कामावर जाऊ लागतो. काही केंद्रांत मेथाडोन हे पातळ औषध देतात. रक्तदाबाच्या गोळीसारखं हे औषध महिनोन् महिने, कधी काही वर्षंही चालतं. लवकर बंद करा म्हणून घरच्यांनी मागं लागू नये. मात्र त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो.

तिसरं, जादा मात्रेपासून बचाव. हे नीट ऐका, कारण मावशींच्या मुलाला मोठा धोका इथंच आहे. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. त्यानं पूर्वीएवढीच मात्रा घेतली तरी ती जीवघेणी ठरू शकते. हाक मारून जागा होत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, श्वास फार हळू असेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी, लिंबू काही घालू नका. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, लाजू नका. नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचतो.

कुणी म्हणेल, सुया वाटणं म्हणजे नशेला खतपाणीच की! मणिपूरमध्येही हा प्रश्न आला होता. तिथल्या बायकांनी १९७० च्या दशकात नशाबंदीसाठी रात्रीच्या गस्ती घातल्या. पुढं हातात मशाली घेणाऱ्या त्या बायका मैरा पैबी म्हणून ओळखल्या गेल्या. पण शेजारच्या म्यानमारमधून हेरॉईन येतच राहिलं. १९९० च्या दशकात सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाली. त्यांच्या बायकांना लागण झाली, कित्येक तरुणपणी विधवा झाल्या. मग १९९६ मध्ये मणिपूरनं आपलं एड्स धोरण ठरवलं आणि त्यात नुकसान कमी करण्याच्या कामाला जागा दिली. पुढच्या वर्षांत लागणीचं प्रमाण बरंच खाली आलं. स्वच्छ सुई दिल्यानं नशा वाढते, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट सुईच्या निमित्तानं आलेला माणूस पुढं उपचाराला तयार होतो.

आता आपण काय करायचं?

मुलाला "गर्दुल्ला" म्हणू नका. लाजेनं तो लपतो, आणि एकटा असताना जादा मात्रा झाली तर हाक ऐकायला कुणी नसतं. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. एचआयव्हीची तपासणी आणि जवळचं औषध केंद्र यांची माहिती १०९७ वर मिळते. अशी केंद्रं सगळीकडं नाहीत, म्हणून आधी विचारून निघा. एचआयव्हीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी तर गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. नवरा सुई घेत असेल तर बाईनं स्वतःचीही तपासणी करावी आणि निरोधचा आग्रह धरावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं आपल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. रस्त्यात सुई पडलेली दिसली तर हातानं उचलू नका, आशाताईंना कळवा.

आणि गटात एखादी मैत्रीण असं काही सांगू लागली, तर ती गोष्ट गटाबाहेर जाऊ देऊ नका. दुकान बंद करायला आपण शंभर जणी जमतो. तिच्यासोबत दवाखान्यात जायला एक जण पुरते.

त्या मावशींना एवढंच सांगते: मुलगा दोनदा परत फिरला, म्हणजे तो संपला असं नाही. तो जिवंत आहे, तर तिसरी खेप आहे.