इंजेक्शनकडून कार्ब्युरेटरकडे : एका उलट्या दुरुस्तीची चिकित्सा

आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालू आहे. तोवर माणसे, सोयाबीन, कापूस, लग्नाची वऱ्हाडे, सगळे रस्त्यानेच जाते-येते. साहजिकच गावाच्या मानाने गॅरेजे पुष्कळ. या गॅरेजांत अधूनमधून एक काम होते, जे कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नाही आणि कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. इंजेक्शनवर चालणारी गाडी कार्ब्युरेटरवर आणायची. म्हणजे नवे तंत्र काढून जुने बसवायचे. मी इंजिनिअर नव्हे; जुन्या सर्व्हिस मॅन्युअलच्या झेरॉक्स प्रती आणि मिस्त्र्यांच्या गप्पा एवढीच माझी पाठशाळा. पण हे काम पाहिल्यापासून मी त्याच्या मागे लागलो. सुधारणेच्या विरुद्ध दिशेने माणूस जातो तेव्हा तो अडाणी असतो, की त्याला काही वेगळे दिसत असते?

आधी शब्दाबद्दल. आमच्याकडे ‘कार्ब्युरेटर’ फारसे कुणी म्हणत नाही. कुणी ‘कारबेटर’ म्हणतो, कुणी सरळ ‘कार्पोरेटर’. नगरपालिकेच्या निवडणुकीत यावर ठरलेला विनोद होतो, तो इथे सांगत नाही.

कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन यांतला फरक समजायला मोटार उघडावी लागत नाही, घरातली दोन जुनी साधने पुरतात. पूर्वी ढेकूण-डासांवर मारायचा फ्लिटचा पंप असे. दांडा पुढे ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जाई, त्या झोताने नळीतले औषध वर ओढले जाई आणि त्याचे तुषार होत. औषधाला कुणी ढकलत नसे; ते हवेच्या मागे येई. हा कार्ब्युरेटर. याउलट पाठीवरच्या फवारणी पंपात आपण टाकीतल्या द्रावणावर दाब देतो आणि ते नोझलमधून जोराने बाहेर पडते. हवेचा तिथे काही संबंध नाही. हे इंजेक्शन.

फ्लिटच्या पंपामागचे तत्त्व इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ साली मांडले: नळी जिथे अरुंद होते तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये त्यावर फवारा मारणारा कार्ब्युरेटर केला. त्याच साली हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीनेही स्वतंत्रपणे तेच केले. पुढची नव्वद-शंभर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या. पेट्रोल स्वच्छ जळायला दर ग्रॅममागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण कसलाही हिशेब न करता राखतो. हवा जास्त आली की ओढ वाढते आणि पेट्रोलही जास्त येते. मोजणारा आणि देणारा एकच, ती म्हणजे हवा. मला या साधेपणाचे आजही नवल वाटते.

पण साधेपणाला ठिगळे लागतात. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक. पाय एकदम दाबला तर हवा चटकन धावते आणि पेट्रोल मागे राहते, म्हणून पिचकारीसारखा छोटा पंप. गाडी उभ्याउभ्या चालू ठेवायला स्लो जेट, पळवायला मेन जेट. आणि पातळी राखायला आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा फ्लोट. शिवाय कार्ब्युरेटर हवेचे वजन करत नाही, तिच्या वेगावर जातो. चिखली समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, राजूर घाट उतरून गेलेले मलकापूर निम्म्याहूनही खाली. वरच्या विरळ हवेत तोच जेट किंचित जास्त पेट्रोल देतो. जुने मिस्त्री म्हणूनच मलकापूरहून आलेल्या गाडीचा हवेचा स्क्रू न विचारता थोडा फिरवून बघत. हे ज्ञान त्यांच्या कानात होते.

इंजेक्शनने हे सगळे एका पेटीत नेले. मोजणारे वेगळे झाले आणि देणारे वेगळे. सेन्सर हवेचा दाब, तिचे तापमान, इंजिनचे फेरे आणि थ्रॉटल किती उघडले ते सांगतात. पेटी हिशेब करते आणि इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडते. सर्वांत महत्त्वाचा पहारेकरी बसतो धुराच्या नळीत. जळल्यानंतर किती प्राणवायू उरला हे तो पाहतो आणि पेटीला परत कळवतो, म्हणजे चूक झाली तर पुढच्याच क्षणी सुधारते. बॉशने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ साली फोक्सवॅगनमध्ये आणले. आपल्याकडे मात्र ते इंजिनाच्या गरजेतून आले नाही, धुराच्या कायद्यातून आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्ली परिसरातल्या गाड्यांना युरोपीय धूरमर्यादा लावल्या, आणि डिसेंबर १९८३ पासून कार्ब्युरेटरवर धावणारी मारुती ८०० हे शतक उलटता उलटता ‘एमपीएफआय’ झाली. गाडीच्या मागे चिकटवलेली ती चार अक्षरे त्या काळी प्रतिष्ठेची होती. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पण लग्नाच्या बोलणीत त्यांचा उल्लेख झालेला मी ऐकला आहे.

आता त्या उलट्या कामाकडे येऊ. मी पायरीपायरीने पाहिले ते मेहकर रस्त्यावरच्या एका गॅरेजात. तीन सिलिंडरची, इंजेक्शनची जुनी व्हॅन. सुगीत महिनाभर शेतातल्या शेडमध्ये उभी होती आणि उंदरांनी वायरिंग कुरतडले होते. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना चिकटून पेटीही गेली. नवे वायरिंग, नवी पेटी आणि ती बसवायला शहरापर्यंत टोचन, हा हिशेब व्हॅनच्या बाजारभावाला भिडत होता. मालक भाजीपाला वाहणारा. गाडी उभी म्हणजे धंदा उभा.

गिऱ्हाइके ज्यांना उस्ताद म्हणतात ते मिस्त्री साठीकडे झुकलेले. त्यांनी भंगारातून त्याच जातीच्या जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट आणला होता. मॅनिफोल्डसकट, हे महत्त्वाचे. इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या नळ्या कोरड्या असतात, कारण पेट्रोल अगदी शेवटी, व्हॉल्व्हच्या तोंडाशी पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते मधल्या चौकातच मिसळते आणि मग तिन्ही घरी वाटले जाते. वाटेत थेंब भिंतींना चिकटतात. म्हणून त्या मॅनिफोल्डचा आकार वेगळा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याखालून इंजिनचे गरम पाणी फिरवलेले असते. नुसता कार्ब्युरेटर कोरड्या नळ्यांवर बसवला तर गाडी चालू होईल. पण एका सिलिंडरला मेजवानी आणि दुसऱ्याला उपास.

मग पेट्रोलचा दाब. इंजेक्शनचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि अडीच-तीन बार दाब देतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई पाव बारच्या आसपासचा दाब अडवते. टाकीतला पंप तसाच ठेवला तर सुई उचलली जाऊन पेट्रोल वरून वाहू लागेल, तेही गरम इंजिनावर. या कामातला आगीचा धोका तो हाच. उस्तादांनी टाकीतला पंप बंद केला आणि बाहेर कमी दाबाचा विजेचा पंप लावला. इंजिन बंद पडताच तो थांबेल अशी सोय करायला ते विसरले नाहीत. अपघातात गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला तर काय होईल, हे त्यांनी मला हातवाऱ्यांनी समजावले.

इथवर काम नळजोडणीचे होते. खरी अडचण पुढे. “भाऊ, हवा अन् पेट्रोल मी पाहून घेतो,” उस्ताद म्हणाले, “पन करंट कोन देईल?” कार्ब्युरेटर गेला तेव्हा त्याच्यासोबत आणखी एक जुना कारागीर निवृत्त झाला होता, तो म्हणजे डिस्ट्रिब्युटर. ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी पडावी लागते. इंजिन सावकाश फिरत असताना दहाएक अंश आधी, वेगात तीस अंशांच्याही आधी, कारण जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही आणि पिस्टनची घाई मात्र वाढते. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की ती जत्रेतल्या पाळण्यासारखी बाहेर फेकली जातात आणि ठिणगी अलीकडे ओढतात. इंजेक्शनच्या गाडीत हे कामही पेटीकडे असते. पेटी मेली की पेट्रोल कितीही द्या, ठिणगी नाही. म्हणजे केवळ इंधनाची पद्धत बदलून भागत नाही. ठिणगीही परत यंत्राच्या हाती द्यावी लागते. अमेरिकेत हौशी लोक मोठी आठ सिलिंडरची इंजिने अशी उलटी फिरवतात, त्यांना ठिणगीसाठी वेगळी इलेक्ट्रॉनिक पेटी बाजारात तयार मिळते. चिखलीत जुन्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर शोधावा लागतो, तो ज्यावर फिरेल तो दांडा जुळतो का ते पाहावे लागते, आणि पुष्कळ गाड्यांत काम इथेच सोडून द्यावे लागते.

आणि बारीकसारीक कितीतरी. रेडिएटरचा पंखा पेटीच्या हुकमावर फिरत असेल तर त्याला तापमानाचा साधा स्विच हवा. हे राहिले तर पहिल्याच घाटात इंजिन उकळते. तीन दिवसांनी व्हॅन चालू झाली. सकाळी चोक ओढावा लागत होता, एव्हरेज उतरले होते, पिकअप बरा होता. मालकाला एवढे पुरे होते.

हे केवळ खेड्यातले जुगाड समजू नये. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटारसायकल इंजेक्शनसह काढली आणि २००९ मध्ये तीच कार्ब्युरेटरवर आणली. किंमत बरीच उतरली, शक्ती तर किंचित वाढलीच, आणि तरुणांनी ती उचलून धरली. त्या वेळच्या धूरमर्यादा कार्ब्युरेटरने पाळता येत होत्या, म्हणून हे शक्य झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि तीच गाडी पुन्हा इंजेक्शनवर गेली. कारखान्याचे हे जाणे-येणे तपासून, प्रमाणपत्र घेऊन झाले. उस्तादांच्या व्हॅनला ते प्रमाणपत्र कोण देणार?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितले. धुराचेही तसेच. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला पीयूसीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाडीला अर्धाच टक्का. व्हॅनच्या पोटात जुने यंत्र आले तरी कागदावर ती नवीच राहते, मर्यादा नव्याच लागतात, आणि धुराच्या नळीतला पहारेकरी तर आता कुणाशीच बोलत नाही. त्याच्या माहितीशिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नीट काम करत नाही. तो विषारी वायू कुठे जातो? भाजी बाजाराच्या गर्दीत, हातगाडीजवळ उभ्या असलेल्या बाईच्या छातीत. या कामातल्या हुशारीचे मला कौतुक आहे. पण हा मुद्दा मी उस्तादांसमोरही सोडला नाही, आणि त्यांनीही तो टाळला नाही. “गॅस किटवाले काय करतात मग?” एवढे मात्र त्यांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. जुन्या पद्धतीच्या एलपीजी किटमध्ये हवेच्या वाटेवर एक मिक्सर बसतो, तो व्हेंचुरीच असतो, आणि इंजेक्टर चालू असल्याचा खोटा निरोप पेटीला देणारे एक उपकरणही जोडतात. म्हणजे मंजूर किटवाल्या कित्येक गाड्या अर्ध्या वाटेने कार्ब्युरेटरकडे गेलेल्याच आहेत.

त्यात आता इथेनॉल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला दर ग्रॅममागे १४.७ नव्हे, साधारण साडेतेरा ग्रॅमच हवा लागते. पहारेकरी असलेली गाडी हे ओळखते आणि पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटर ओळखत नाही. मिश्रण कोरडे पडते, गाडी झटके देते, जुन्या रबरी पडद्या फुगतात. जेट मोठा करणे हा एकच उपाय.

म्हणून माझे मत असे झाले आहे की या मालकांना कार्ब्युरेटर नकोच असतो. त्यांना गावात दुरुस्त होणारी गाडी हवी असते. सुरुवातीच्या काही इंजेक्शन गाड्यांत एक तार जोडली की ‘चेक’चा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगे, आकडे मोजायला डोळे पुरत आणि मिस्त्री ते कोष्टक भिंतीवर चिकटवत. पुढे त्या भाषेला स्कॅनर लागू लागला, आणि स्वस्त स्कॅनर प्रत्येक कंपनीशी पूर्ण बोलत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ काढले, त्यात मोटारीही आहेत. पण वायरिंगचा पूर्ण नकाशा आणि जुन्या पेटीचा परवडणारा पर्याय मेहकर रस्त्यापर्यंत पोचेल, तेव्हा हे उलटे काम आपोआप बंद पडेल.

उस्तादांच्या नातवाने स्कॅनर घेतला आहे, हप्त्यावर. व्हॅनचे काढलेले इंजेक्टर, सेन्सर आणि कुरतडलेले वायरिंग उस्तादांनी मात्र भंगारात टाकू दिले नाही. युरियाच्या रिकाम्या गोणीत भरून, तोंड सुतळीने बांधून त्यांनी ते मालकाच्या हवाली केले आणि बजावले, “हे इकू नका. पेटी भेटली का पुन्हा बसवू.”