धानाच्या बांधीतली लाखोळी

रानाकडची कडधान्ये : भाग सहावा

भद्रावती-वरोऱ्याकडची काळी जमीन कापसाची आणि सोयाबीनची. चंद्रपूर ओलांडून मूल-सिंदेवाहीकडे निघालं की धानाच्या बांध्या लागतात, त्या पुढे नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरीपर्यंत पाठ सोडत नाहीत. मागच्या भागात आपण कुळथापाशी थांबलो होतो. आजची लाखोळी या बांध्यांतली. हिच्याइतकी बदनामी दुसऱ्या कुठल्याच डाळीच्या वाट्याला आलेली नाही.

आधी तिची पेरणी पाहू. धान पिवळं पडू लागलं, कापणीला दहा-पंधरा दिवस उरले, की उभ्या पिकातच लाखोळीचं बी फेकतात. नांगर नाही, वखर नाही. बांधीतलं पाणी नुकतंच काढलेलं असतं, पाय रुतेल एवढी ओल असते. बी त्या ओलीवर पडतं आणि धानाच्या सावलीत रुजतं. विळा फिरतो तेव्हा धसकटांमधून रोपं वर आलेली असतात. याला उतेरा म्हणतात. पुढे ना पाणी द्यायचं, ना खत. थंडीत निळी फुलं येतात, उन्हं तापायच्या आत दाणा घरात. कोवळ्या शेंड्यांची भाजी, डाळीचे वडे, वरण, बेसन, आणि उरलेला भुसा बैलांना. मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र सोडतात ते वेगळंच. दाण्यात प्रथिनं शंभर ग्रॅममागे २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुरीपेक्षा बरीच जास्त.

एवढ्या गुणी पिकाच्या विक्रीवर १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत बंदीचं कलम आलं. कारण जुनं होतं. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या स्लीमनने १८४४ च्या पुस्तकात सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून गारपीट, अवर्षण, तांबेरा अशी लागोपाठ तीन वर्षं गहू गेला. शेतात तगली ती लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ मध्ये चांगले धडधाकट तरुण कमरेखाली लुळे पडू लागले. या आजारात ताप नसतो. पायांचे स्नायू ताठरतात, माणूस आधी एका काठीवर येतो, मग दोन काठ्यांवर, शेवटी सरपटतो. गेलेलं बळ परत येत नाही.

विषाचा पत्ता लागला १९६४ मध्ये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याचं लांबलचक नाव सोडून सगळे त्याला ओडॅप म्हणतात. चेतापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची ठेवण जवळपास तशीच, त्यामुळे पेशी फसते, गरजेपेक्षा जास्त चेतवली जाते आणि अखेर मरते.

पण मग लाखोळीचे वडे खाणारी आपली माणसं लुळी का पडली नाहीत? याचं उत्तर ताटातल्या बाकीच्या जिनसांत आहे. १९४२ च्या हिवाळ्यात रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छळछावणीत (आजच्या युक्रेनमध्ये) ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम लाखोळी आणि थोडासा पाव एवढंच मिळे. थोड्याच आठवड्यांत शेकडो जण लुळे पडले. आर्थर केसलर या कैदी डॉक्टरने कारण ओळखलं. उलट इथिओपियातल्या पाहणीत दिसलं, की धान्यात मिसळून, आंबवून किंवा मसाला घातलेल्या कालवणात खाल्लेल्या लाखोळीचा धोका कमी, भाजलेल्या किंवा कच्च्या हिरव्या दाण्यांचा जास्त. लाखोळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, तांदूळ-ज्वारीतून ती उणीव भरते. आपल्याकडे रीवा-सतनाच्या वेठबिगारांना मजुरीच या दाण्यात मिळे आणि महिनोन्‌महिने दुसरं काही मिळत नसे. लुळे पडले ते असे लोक.

त्यातही वाईट भाग असा, की पाण्याचा ताण पडला की दाण्यातला ओडॅप वाढतो. ज्या वर्षी बाकी सगळं वाळून जातं आणि एकटी लाखोळी उभी राहते, त्याच वर्षी ती जास्त विषारी असते, आणि त्याच वर्षी ती सर्वांत जास्त खाल्ली जाते.

बंदी मात्र विक्रीवर होती. घरचं पिकवून रोज तेच खाणाऱ्या गरिबाला, म्हणजे ज्याला खरा धोका त्याला, हा कायदा शिवतच नव्हता. बाजार बंद झाला तो पिकवणाऱ्याचा. मला हा कायदा कायम उफराटा वाटत आला आहे. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं झुंज दिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली.

दरम्यान संशोधक वाणांकडे वळले होते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं ‘रतन’, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाची ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत आहे. अडचण अशी, की मधमाश्या शेजारच्या गावरान लाखोळीचे परागकण आणतात. घरचंच बी राखत गेलं तर काही वर्षांत वाण शुद्ध राहत नाही. २०२३ मध्ये लाखोळीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो माणसाच्या दुप्पट मोठा, आणि ओडॅप तयार होण्याच्या शेवटच्या पायरीचं विकरही आता सापडलं आहे. गंमत म्हणजे हाच ओडॅप चीनमध्ये एका जिनसेंगच्या मुळातून मिळतो आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात.

घरात करण्यासारखं एकच. ओडॅप पाण्यात विरघळतो. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकावं, किंवा उकळून पहिलं पाणी काढून टाकावं. विषाचा मोठा भाग निघून जातो, थोडी ब जीवनसत्त्वंही जातात. नुसतं भाजून हे साधत नाही.

आणि बेसनात लाखोळीची भेसळ असेल तर? प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पंधरा मिनिटं गरम पाण्यावर ठेवतात, लाखोळी असेल तर गुलाबी रंग येतो. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंगही आम्लात गुलाबीच होतो, फक्त तो न तापवता, लगेच. घरी आम्लाशी खेळण्यापेक्षा अख्खी डाळ आणून दळून घेतलेली बरी: हरभऱ्याची डाळ गोलसर असते, लाखोळीची एका बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखी तिरकी, आणि चार दाणे तळहातावर घेतले की ओळखू येते.