नाव घातले, आता सोबत करू

शेतात बी पेरले म्हणजे पीक हाती आले काय? नाही. निंदणी हवी, पाणी हवे, राखण हवी. शाळेचेही तसेच आहे. मुलाचे नाव शाळेत घातले, एवढ्याने मूल शिकत नाही. पहिली दोन-तीन वर्षे त्याला आपली सोबत लागते.

आपल्या वाघोलीचेच पाहा. गावाभोवती दगडखाणी निघाल्या. दगड फोडायला दुरून माणसे आली. खाणीवरच झोपड्या घालून राहिली. शाळा लांब पडे. मग पोरेही आईबापांबरोबर खाणीवरच दिवस काढीत. हे पाहून ‘संतुलन’ नावाच्या संस्थेने खाणींवरच शाळा काढल्या. त्यांना ‘पाषाण शाळा’ असे नाव दिले. शाळा मुलांच्या दारी आली. पण मुलाला रोज शाळेत धाडायचे काम मात्र आईबापांचेच राहिले.

रोज का धाडायचे? पहिली-दुसरीत अक्षरओळख होते. मग बाराखडी, मग जोडाक्षरे. ही एकावर एक रचलेली वीट आहे. मधली एक निसटली की वरची बसत नाही. आठवड्याला एकच दिवस बुडाला, तरी वर्षात महिनाभराची शाळा बुडते. पुढे चौथी-पाचवीत सगळे धडे वाचूनच समजायचे असतात. ज्याला वाचता येत नाही, ते मूल मागच्या बाकावर गप्प बसते. एक दिवस ते शाळाच सोडते.

कधी आपण म्हणतो, “धाकट्याला कोण सांभाळणार? आज थोरलीला घरीच ठेवू.” असे करू नये. धाकटा तीन वर्षांचा झाला असेल, तर त्याला अंगणवाडीत घाला. थोरलीची शाळा बुडवू नका.

“पण आम्ही तर आत्ताच वाचायला शिकलो. आम्ही काय शिकवणार?” असे कुणी विचारील. शिकवायचे काम गुरुजींचे, बाईंचे. आपण जवळ बसायचे. रात्री जेवण झाले की पाव तास मुलाला मोठ्याने वाचू द्या. आपण ऐका. अडले तर दोघे मिळून अक्षर लावा. चुकले तर मारू नका. मार बसला की मूल पुस्तकाला भिते. “आज शाळेत काय झालं?” हे रोज विचारा. मूल सांगू लागले की त्याची जीभ मोकळी होते.

हिशेबाला तर पाटीही नको. अंगणातले २३ खडे घ्या. दहा-दहाचे ढीग करायला सांगा. दोन ढीग झाले आणि तीन खडे सुटे उरले. हेच दशक आणि एकक.

घरात वडारी, लमाणी किंवा दुसरी बोली असेल, तर तिची लाज धरू नका. त्या बोलीत गोष्टी सांगा. गोष्ट ऐकलेले मूल धडाही लवकर समजते.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. आता उंच इमारतींच्या कामावर मजूर येतात. काम संपले की बिऱ्हाड हलते. अशा वेळी मुलाची शाळा तुटू देऊ नका. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क आहे. निघताना शाळेतून दाखला मागून घ्या. दाखला मिळायला उशीर झाला, तरी नव्या गावच्या सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. शाळेत मुलाला मारायलाही कायद्याची बंदी आहे.

हे सारे आज आपण स्वतः वाचले. आता हेच पान मुलाच्या हाती द्या आणि म्हणा, “बाळा, तू वाच. मी ऐकतो.”