जास्तीचे ठोके मोजताना

चोवीस तासांच्या होल्टरच्या अहवालात ‘व्हीपीसी ८,०००’ असं छापून आलं, की पेशंट त्या आकड्यानंच गार होतो. मग प्रश्न येतो: हे थांबवायची गोळी डॉक्टर का देत नाहीत?

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडकतं. त्यातले काही ठोके जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, अवेळी निघतात; तेच हे व्हीपीसी. त्यांच्यामागून लांबलेला विराम येतो, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत धाडकन आदळतो. म्हणजे घाबरवणारा ठोका बहुधा हा, अगदी नियमातला!

गोळीबद्दलचं उत्तर मात्र अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या चाचणीत आहे. तेव्हाचा तर्क असा: हार्ट अटॅकनंतर ज्यांना असे ठोके फार, ते अचानक दगावण्याची शक्यता जास्त. मग ठोके दाबा, माणूस वाचेल. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ते काम झकास करत. रुग्णांना नकली गोळी देणंच अनैतिक, असं म्हणणारेही तेव्हा होते. चाचणीत घेतले तेही ज्यांचे ठोके औषधानं दबतात असेच रुग्ण. १९८९ साली या दोन्ही गोळ्या तातडीनं थांबवाव्या लागल्या. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, नकली गोळीवाल्या ७४३ जणांत २६. ठोके कमी झाले होते, माणसंही! अटॅकनं व्रण पडलेल्या स्नायूत या औषधांनी विद्युतलहर मंदावते, ती तिथेच गोल फिरू लागते आणि जीवघेणी लय सुरू होऊ शकते.

म्हणून आज आकड्याआधी इको बघतात. मनगटावरचं घड्याळ कितीही हुशार असलं, तरी स्नायूची अवस्था त्याला दिसत नाही. हृदय निरोगी असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत नसेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं नसेल, तर बहुतेकांना धीर देणं पुरतं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, थायरॉइड तेवढं तपासायचं. फार त्रास होत असेल तर बीटा ब्लॉकर. ठोके दहा टक्क्यांच्या पुढे, विशेषतः वीसच्या पुढे गेले, तर काहींचं हृदय हळूहळू अशक्त होतं. तिथे हे ठोके जिथून निघतात तो बिंदू कॅथेटरनं जाळतात, म्हणजेच अ‍ॅब्लेशन करतात; अनेकदा तो फुप्फुसधमनीच्या झडपेखालीच सापडतो. अ‍ॅब्लेशननंतर अशी हृदयं पुष्कळदा सावरतात.

फ्लेकेनाइड अजूनही मिळतं. निरोगी रचनेच्या हृदयाला ते देतात. अटॅक येऊन गेलेल्याला नाही.