नफा झाला, पण कुठला?

सिग्नलला शेजारी केटीएम ड्यूक येऊन थांबली की नजर वळतेच ना? या गाड्या पुण्याजवळ चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होतात. केटीएम मूळची मात्र ऑस्ट्रियाची. नोव्हेंबर २०२४मध्ये ही कंपनी तिथे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्याचा चटका बजाज ऑटोच्या हिशेबालाही बसला.

मार्च २०२५ला संपलेल्या वर्षाचा बजाज ऑटोचा निकाल उघडून बघा. नफ्याचे दोन आकडे दिसतील. 'स्टँडअलोन' नफा ८,१०० कोटी रुपयांच्या वर, तर 'कन्सॉलिडेटेड' नफा सुमारे ७,३०० कोटी. कंपनी तीच, वर्ष तेच. मग मधले ८०० कोटी गेले कुठे?

कन्फ्युज झालात? मीही झाले होते. इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात एका कंपनीच्या निकालाची बातमी लिहिताना मी समोर दिसला तो नफा ठोकून दिला. डेस्कवरच्या सरांनी एवढंच विचारलं, "कुठला नफा?" मी गप्प. मास कॉमच्या वर्गात हे आलंच नव्हतं. मग कॉमर्सच्या मैत्रिणीला पकडलं. तिने सांगितलं त्याचं नाव 'इक्विटी मेथड'.

समजा, मित्राच्या टी-शर्ट प्रिंटिंगच्या कंपनीत तुम्ही एक लाख रुपये घालून २५ टक्के वाटा घेतलात. कंपनी त्याचीच, पण मोठ्या निर्णयांत तुमचं मत चालतं. वर्षाअखेर कंपनीला ४० हजारांचा नफा झाला. त्यातले २५ टक्के, म्हणजे १० हजार, तुम्ही तुमच्या नफ्यात दाखवायचे. वहीत गुंतवणूक झाली १ लाख १० हजार. पण हातात एक रुपयाही आलेला नाही! पुढे मित्राने डिव्हिडंड वाटला आणि तुम्हाला पाच हजार मिळाले. हे मात्र नवीन उत्पन्न नाही, कारण नफा आधीच मोजून झालाय. म्हणून गुंतवणुकीतून पाच हजार वजा. उरले १ लाख ५ हजार. आणि तोटा झाला तर? तोही २५ टक्के तुमचा.

आता हेच कंपन्यांना लावा. दुसऱ्या कंपनीत २० टक्के किंवा जास्त वाटा असेल, पण ताबा नसेल, तर साधारणपणे ती 'असोसिएट' म्हणजे सहयोगी कंपनी धरतात. आपल्याकडे यासाठी 'इंड एएस २८' हे मानक आहे. ताबा आला की ती उपकंपनी होते आणि तिचा सगळा हिशेब मुख्य कंपनीच्या हिशेबात मिसळतो. केटीएमच्या मालकीच्या साखळीत पिअरर बजाज ही होल्डिंग कंपनी होती. तिच्यात बजाजचा वाटा तेव्हा ४९.९ टक्के होता, निम्म्याला जरासा कमी. म्हणून इक्विटी मेथड लागली आणि केटीएमच्या तोट्यातला वाटा कन्सॉलिडेटेड नफ्यातून कापला गेला. दोन आकड्यांतल्या फरकाचं मुख्य कारण हेच. स्टँडअलोन हिशेबात हा वाटा धरत नाहीत, म्हणून तो आकडा मोठा दिसला.

याचा तुमच्याशी काय संबंध? हॉस्टेलच्या खोलीत बसून पॉकेटमनीतून शेअर घेणारे आपल्यातच कितीतरी आहेत. "नफा वाढलाय, घेऊन टाक," एवढ्यावर पैसे लागतात. तो नफा कंपनीने स्वतः कमावलेला आहे, की दुसऱ्याच्या नफ्यातला कागदावरचा वाटा आहे, हे कोण बघतं?

बघायला दोन मिनिटं लागतात. कन्सॉलिडेटेड निकालात 'शेअर ऑफ प्रॉफिट ऑफ असोसिएट्स' ही ओळ शोधा. मग कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये डिव्हिडंड म्हणून खरोखर किती आले ते पाहा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर थांबा, कारण शोधा.

आणि मित्राने पुढची टिप दिली की पैसे काढण्याआधी त्याला सरांचा प्रश्न विचारा. तो गप्प झाला, तर तुमचे पैसे तूर्तास खिशातच बरे.